वैरागडेकाकांची शंका

मैदानावर कुणी पुढे केलेलं पाणी वैरागडेकाका घेत नसत. जॉर्जियातला एप्रिल, दुपारची वेळ, ॲल्युमिनियमची बाकं तव्यासारखी तापलेली. एखाद्या खेळाडूची आई बर्फाच्या पेटीतून गार बाटली काढून 'सर, प्लीज' म्हणत पुढे करायची. काका छातीवर हात ठेवून, मान किंचित झुकवून नको म्हणायचे आणि घरून आणलेल्या थर्मासमधला कोमट चहा झाकणात ओतून घ्यायचे. संत्र्याची फोड नाही, शेंगदाणे नाहीत, कुणी सरकून दिलेली सावलीतली जागासुद्धा नाही. एकदा न राहवून मी विचारलं, तर म्हणाले, "पाणी घेतलं का डोळा ओला होते, पोरी. मंग त्या बाईचा पोरगा मला धूसर दिसते."

त्यांचं काम बघण्याचं होतं. बेसबॉलचे व्यावसायिक क्लब दर उन्हाळ्यात शाळा-कॉलेजांतली मुलं आळीपाळीने निवडून घेतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. कुणाला घ्यावं, कुणाच्या वाटेला जाऊ नये, हे कळावं म्हणून क्लब आपली माणसं गावोगाव पाठवतात. ही माणसं, म्हणजे स्काउट, थंडी सरल्यापासून शाळांच्या मैदानांवर बसून मिसरूड फुटलेल्या पोरांकडे टक लावून बघत राहतात. विनायक वैरागडे हे असे स्काउट होते. गोऱ्या लोकांनी त्यांच्या नावाचं 'विन' केलं होतं. नागपूरच्या महाल भागात वाढलेला, पांढऱ्या मिशांचा, किडकिडीत माणूस टोपी कपाळावर ओढून येताना दिसला, की मैदानावरचे प्रशिक्षक एकमेकांना कोपराने ढोसायचे. विन आलाय, आता सांभाळून बोला.

अटलांटाजवळच्या आमच्या अल्फारेटाच्या मराठी मंडळात डॉक्टर होते, सॉफ्टवेअरवाले होते, दोन-तीन घरांतून वकीलही निघाले होते. वैरागडे नक्की काय करतात, हे मात्र कुणाला सांगता येत नसे. "शाळांच्या मैदानांवर बसून मुलांचे व्हिडिओ काढतात म्हणे," असं एका काकूंनी गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद देता देता मला हळूच सांगितलं होतं. सांगताना त्यांनी डोळे मोठे केले होते.

माझी त्यांची गाठ पडली ती मात्र मंडळात नाही, कामात. मी पुण्याची. सॉफ्टवेअरच्या दोन नोकऱ्या करून मी एका बेसबॉल क्लबच्या आकडेवारीच्या खात्यात लागले होते. काका त्याच क्लबचे स्काउट. माझा साहेब ग्रेग एक दिवस म्हणाला, "या सीझनला तू विनबरोबर फिर. आपले कॅमेरे बघत नाहीत असं तो काय बघतो, ते मला समजून घ्यायचंय." मग जरा थांबून म्हणाला, "बघतो का, तेही." वाक्याचा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा नीट कळला. क्लब जुन्या स्काउटांना एकेक करून घरी पाठवत होता. आणि माझं ग्रीन कार्ड ग्रेगच्या खात्याच्या सहीवर लटकलेलं होतं.

पहिल्या दिवशी मी मैदानावर पोचले, लॅपटॉप उघडला आणि चार्जर विसरल्याचं लक्षात येऊन "अरे देवा" म्हणाले. मागच्या बाकावरून आवाज आला, "पुण्याची का?"

मी वळून बघितलं. "हो. तुम्ही वैरागडेकाका ना? मी मेधा."

"ग्रेगनं धाडलं तुला. माझ्यावर नजर ठेवायला."

"नाही हो काका, मी शिकायला..."

"तुझे बूट पांढरे आहेत," ते शांतपणे म्हणाले. जॉर्जियाची माती लाल. मैदानावर रोज येणाऱ्याचे बूट विटकरी होतात. "ऑफिसातून कुणी आपखुशीनं इथं येत नाही. पण आली तर बस. काय पाहशील ते खरं लिहिशील, एवढंच. माझ्या बाजूनं लिहू नको. माझ्यावर उपकार करणाऱ्याची मला भीती वाटते."

अशी आमची ओळख झाली. तो संपूर्ण सीझन मी त्यांच्या जुन्या टोयोटात त्यांच्या शेजारी बसून काढला. आम्ही दोघंही एकमेकांवर लक्ष ठेवून होतो आणि ते दोघांनाही माहीत होतं. त्यामुळे एक प्रकारचा मोकळेपणा आला होता.

स्काउट होण्याआधी काका पुलांची तपासणी करायचे. स्थापत्यशास्त्र शिकायला ते इथे आले, मग पुलांखाली शिडी लावून, हातोडीने काँक्रीट ठोकून आवाज ऐकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. गावोगावच्या मुक्कामात संध्याकाळी करायला काही नसे, म्हणून ते शाळांचे सामने बघत बसत. बघता बघता एका म्हाताऱ्या स्काउटशी ओळख झाली, त्याला ते टिपा देऊ लागले आणि पुढे पुलांची नोकरी सोडून हेच करू लागले. "काम तेच आहे," ते म्हणत. "पूल कधी स्वतः सांगते का, मला भेग आहे म्हणून? पोरगा पण नाही सांगत. त्याचा बाप तर नाहीच नाही. ठोकून पाहावं लागते."

बाकीचे स्काउट चेंडू टाकणाऱ्याच्या बरोब्बर समोर, जाळीमागे बसत आणि वेग मोजायचं यंत्र त्याच्यावर रोखत. काका बाजूला, पार कोपऱ्यात बसत. मी कुठे बघतेय हे त्यांना न बघताच कळायचं. "चेंडूकडे काय पाहून राहिली? चेंडू तर सगळेच पाहतात. पोरगा चेंडू टाकून झाल्यावर काय करते ते पाह्य." कुणी दंडाला हात लावला, कुणी बापाकडे बघितलं, कुणाची आई नेमकी कुठल्या फेकीला डोळे मिटून घेते, हे सगळं ते टिपत. प्रशिक्षकाने मुलाची फार स्तुती केली की ते खिन्न होत. "एवढं गोड काहून बोलून राहिला हा? काहीतरी विकून राहिला."

घरीही तीच तऱ्हा. सुधाकाकू एकदा वैतागून म्हणाल्या, "अगं, मी वरणात मीठ घातलंय म्हटलं तरी चाखूनच बघणार. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझी पत्रिका यांनी तीन ज्योतिष्यांना दाखवली."

"तिघांनी वेगवेगळं सांगितलं," काका म्हणाले. "मंग हिलाच विचारलं."

त्या वर्षी सगळ्यांचे डोळे कोडी नावाच्या मुलावर होते. राज्याच्या दक्षिणेकडचं, शेंगदाण्याच्या शेतांमधलं लहान गाव. मुलगा उंच, लाजाळू, उजव्या हाताने चेंडू टाकणारा. आदल्या वर्षापर्यंत त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. या वर्षी त्याचा चेंडू असा काही सुटत होता की जाळीमागचे स्काउट यंत्रावरचा आकडा एकमेकांना दाखवून खात्री करून घेत. आमच्या खात्यातल्या आलेखातही त्याचा ठिपका सगळ्यांच्या वर, एकटाच होता. ग्रेग खुशीत होता.

काका खुश नव्हते. "एका हिवाळ्यात एवढं?" ते पुन्हा पुन्हा म्हणत. "कशानं?"

कोडीला त्याचा मामा सांभाळत होता. डेल त्याचं नाव. गॅरेजमध्ये काम करणारा, जाडजूड, फार बोलणारा माणूस. आई कुठे असते, असं काकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, टेक्सासला नोकरी करते. पुढच्या भेटीत काकांनी सहज विचारल्यासारखं पुन्हा विचारलं. या वेळी डेल म्हणाला, ओक्लाहोमाला. गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "बहीण कोणत्या राज्यात आहे हे भाऊ विसरते का?"

दुसरी गोष्ट रविवारची. इतर मुलं रविवारी सरावाला येत, कोडी कधीच येत नसे. विचारलं तर डेल म्हणे, आम्ही चर्चला जातो, लांबच्या एका चर्चला. आणि सोमवारी कोडी मैदानावर आला की त्याचा चेहरा उतरलेला असे, हात सैल पडत, चेंडूत जीव नसे. मंगळवारपासून पुन्हा पूर्ववत.

काकांनी हे सगळं एकत्र मांडलं. एकाएकी वाढलेला वेग. आईबद्दलचं खोटं. रविवारचं गायब होणं, सोमवारचा थकवा. "कोपर गेलं त्याचं," ते म्हणाले. "रविवारी अटलांटात कुण्या डॉक्टरकडे नेऊन सुया टोचून आणते मामा. ड्राफ्टपर्यंत झाकून न्यायचं, मंग निवडणारा भोगेल."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर सगळे धागे इतके नीट जुळत होते की न पटण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मे महिन्यात क्लबची ऑनलाइन बैठक झाली. ग्रेगने कोडीचा आलेख दाखवला आणि काकांना विचारलं, "विन?" काका म्हणाले, "मी हात लावणार नाही. कोपर लपवतायत." ग्रेगला ते आवडलं नाही, पण अशा बाबतीत काकांचा शब्द आजवर खोटा ठरला नव्हता. कोडीचं नाव खाली सरकवण्यात आलं. जवळजवळ तळाशी.

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्या गावी गेलो, दुसऱ्या एका मुलाला बघायला. सामना संपला होता. कोडी मैदानाबाहेर डेलच्या ट्रकपाशी उभा होता. मामाने हाक मारली तशी त्याने पाण्याचं भलंमोठं, भरलेलं पिंप उजव्या हाताने उचललं आणि डोक्यावरून ट्रकच्या हौद्यात टाकलं. मान वळवून तो कुणाशी तरी बोलत होता. हाताकडे त्याचं लक्षच नव्हतं.

काका चालता चालता थांबले.

"कोपर दुखणारा माणूस," ते हळूच म्हणाले, "दाराची कडीसुद्धा विचार करून काढते." ट्रक निघून गेला तरी ते तिथेच उभे होते. "मेधा, मी चुकलो का बे?"

नागपुरी सलगीतलं 'बे' त्यांनी मला पहिल्यांदाच म्हटलं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर म्हणाले, "तू नको सांगू. पाहावं लागेल."

रविवारी सकाळी आम्ही डेलच्या ट्रकमागे निघालो. हे मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं. एका मुलाच्या मागे असं गाडी लावून जाणं. मंडळातल्या काकूंचे मोठे झालेले डोळे आठवले. काका स्टिअरिंगवर वाकून, खूप अंतर ठेवून गाडी चालवत होते. ट्रक अटलांटाकडे वळला नाही. पेकनच्या बागा मागे पडल्या, मग पाइनची झाडी लागली, आणि झाडी संपल्यावर एक सपाट, उघडी जागा आली. उंच कुंपण, त्यावर काटेरी तारांची वेटोळी. फाटकाशी पाटी होती. स्त्रियांचा तुरुंग.

आम्ही रस्त्याच्या पलीकडे, एका बंद दुकानापुढे थांबलो. तुरुंगाच्या पार्किंगमध्ये कुटुंबं उतरत होती. इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं, कानातलं काढून गाडीत ठेवणाऱ्या बायका. कोडीने पांढरा शर्ट घातला होता. त्याने कमरेचा पट्टा काढून सीटवर टाकला, खिसे उलटे करून बघितले, आरशात वाकून केस सारखे केले. डेलने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोघं आत गेले.

काकांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. आम्ही परत वळलो. पाइनच्या झाडीतून जाताना म्हणाले, "लाज लपवून राहिले होते ते. मी म्हटलं, कोपर."

"काका, तुम्हाला कसं कळणार होतं?"

"मला शंका होती. शंका खरी होती. पण मी तिचं उत्तर स्वतःच देऊन मोकळा झालो." मग म्हणाले, "आणि वेग कशानं वाढला ते अजूनही नाही कळलं मला. वाढला असंल, बापा. पोरं वाढतात."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ग्रेगला फोन केला. मी शेजारी होते. "कोडीचं कोपर चांगलं आहे. मी चुकलो. त्याला वर घ्या." ग्रेगने विचारलं, कशावरून? काका म्हणाले, "सांगू शकत नाही." ग्रेगने पुन्हा विचारलं. काका म्हणाले, "मी चुकलो, एवढंच सांगू शकतो."

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोटातलं बाहेर काढणारा माणूस स्वतःच्या पोटातलं सांगेना. ग्रेगने त्याचा एकच अर्थ लावला आणि मला फोन केला. "मेधा, ड्राफ्टच्या तोंडावर स्काउट एकाएकी मत बदलतो आणि कारण सांगत नाही. कुणाच्या एजंटने त्याला गाठलंय का? रविवारी तू त्याच्याबरोबर होतीस. कुठे गेला होतात?"

मी म्हटलं, विचार करून सांगते. तो म्हणाला, यात विचार कसला करायचा?

भीती नोकरीची होतीच. पण त्याहून वाईट म्हणजे, त्या प्रश्नाने माझ्याही मनात किडा सोडला. मागच्या महिन्यात एका पेट्रोल पंपावर मी काकांना एका एजंटशी, म्हणजे खेळाडूंचे सौदे ठरवणाऱ्या दलालाशी, बोलताना बघितलं होतं. रेशमी टाय लावलेला, दात फार पांढरे असलेला माणूस. मी कॉफी घेऊन आले तेव्हा दोघं एकदम गप्प झाले होते. जो माणूस कुणाचं पाणी घेत नाही, तो ते सगळ्यांदेखत घेत नाही, एवढंच मला माहीत होतं. नाही का?

मी गेले आणि सरळ विचारलं. काका घराच्या मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"शाब्बास," ते म्हणाले. "आता शिकली तू. त्यानं विचारलं, तुमचा क्लब कोडीला घेणार का. मी म्हटलं, हवा छान आहे आज. पण हे मी म्हणून राहिलो. मी म्हणतो म्हणून खरं मानू नको."

"मग मी ग्रेगला काय सांगू?"

त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "खोटं बोलू नको. मला वाचवायला तर अजिबात नको. फक्त ते पोराचं आहे, आपलं नाही. त्याची आई कुठं आहे हे त्यानं कुणाला सांगायचं ते तो ठरवेल. एवढं एक सोडून जे सांगायचं ते सांग."

मी ग्रेगला सांगितलं की रविवारी आम्ही कोडीच्या मागे गेलो होतो, जे बघितलं ते त्याच्या घरचं आहे, हाताचं नाही, आणि म्हणून मी ते सांगणार नाही. त्यानंतर बराच काळ त्याने मला बैठकांना बोलावलं नाही. माझा ग्रीन कार्डचा कागद कुठल्यातरी टेबलावर तसाच पडून राहिला. तो पुढे हलला, पण ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक.

ड्राफ्टच्या आधी काका कोडीच्या घरी गेले. मला म्हणाले, तू गाडीत बस. पण ओसरीवरचं बोलणं मला खिडकीतून ऐकू येत होतं. काकांनी उभ्यानेच सांगितलं, "माझ्या क्लबला मी सांगितलं की तुझं कोपर खराब आहे. ते खोटं होतं. रविवारी मी तुमच्या मागे आलो तेव्हा कळलं."

डेल एक शिवी हासडून उठला. काका जागचे हलले नाहीत. कोडीने मामाच्या दंडाला धरलं.

"आईबद्दल सांगितलंत त्यांना?"

"नाही."

"मग काय सांगितलंत?"

"की मी चुकलो."

"त्यांनी ऐकलं?"

"नाही," काका म्हणाले. "आता ते माझ्यावरच शंका घेतात."

कोडीला हसू आलं. मग ते एकदम मावळलं. तो पायरीवर बसला. "आईही माझ्यावर घेते," तो म्हणाला. "दर रविवारी मी तिला सामन्याचं सांगतो. मी हरलो असं सांगताच येत नाही. ती तिथे बसलेली असते ना. तिच्या लक्षात आलंय. परवा म्हणाली, तू कधीच कसा रे हरत नाहीस?"

आमच्या क्लबने कोडीला घेतलं नाही. आमचं बघून आणखी दोन-चार क्लब बिचकले. ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी शेवटी, दुसऱ्याच एका क्लबने त्याला उचललं आणि ॲरिझोनाला पाठवलं. तिथून तो एका लहान संघातून दुसऱ्यात, या गावातून त्या गावात फिरत राहिला. काकांचा करार क्लबने त्या शरद ऋतूत पुढे चालू ठेवला नाही. निरोपाचा फोन ग्रेगनेच केला. फार गोड बोलला, असं काकांनी मला सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही.

मला वाटलं, आता हा माणूस घरात बसून काकूंच्या वरणावर संशय घेत म्हातारा होणार. पण पुढच्या उन्हाळ्यात काकू फोनवर म्हणाल्या, "अगं, हे दर रविवारी पहाटे कुठे जातात विचार त्यांना. मला सांगतात, तुरुंगात. आता यावर मी काय बोलू?"

झालं होतं असं. कोडी लांब गेल्यावर आईला भेटायला डेलशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि डेलला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कोडीने काकांना फोन केला. "तुम्ही तिला सांगाल? खरं काय ते?" टॅमीने, म्हणजे त्याच्या आईने, भेटीसाठी काकांचं नाव मंजूर करून घेतलं. काका घरी बसून लहान संघांचे सामने कॉम्प्युटरवर बघत आणि रविवारी तिच्यासमोर बसून सांगत.

पहिल्या भेटीचं वर्णन त्यांनी मला अगदी खुशीत केलं. टॅमी समोर येऊन बसली, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "तुम्हाला काय हवंय?"

"काही नाही."

"काही नको असलेला माणूस मी अजून पाहिला नाही."

"बाई हुशार आहे," काका मला म्हणाले. "मी तिला म्हटलं, बरोबर आहे तुमचं. ठेवू नका विश्वास. मी सांगतो, तुम्ही पोराला विचारून ताडून पाहा." आणि त्यांनी तिला सांगितलं की मंगळवारी तिच्या मुलाला बेदम चोप बसला, दुसऱ्या डावातच त्याला बाहेर काढलं, बाहेर जाताना त्याने हातमोजा भिंतीवर फेकून मारला. टॅमी ऐकत राहिली. तिने फोनवर कोडीला विचारलं. पुढच्या रविवारी ती काकांच्या आधी येऊन बसली होती.

नशेच्या गोळ्यांच्या नादाने तिच्या हातून चोरी झाली होती, असं पुढे कधीतरी कळलं. काकांनी तिला त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. हा माणूस प्रश्न न विचारता राहू शकतो, हे मला नवीन होतं. ते टेबलावर मनगट ठेवून, बोटं वळवून तिला दाखवत, चेंडू कसा सुटला, कुठे वळला. ती वाद घालू लागली. "त्याला थकवलंय त्यांनी. मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात." कधी ती चिडायची, की तुम्ही त्याच्याबद्दल चांगलं काहीच कसं सांगत नाही. मग एका रविवारी काका म्हणाले, "या आठवड्यात मला त्याच्यात काही खोट सापडली नाही. खूप शोधली." ती दोन्ही हातांत तोंड लपवून रडली. मला हे सांगताना काकांनी खिडकीबाहेर बघत टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. काकू म्हणाल्या, डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं, यांनी काही विश्वास ठेवला नाही. अंत्यदर्शनाला दोन-तीन म्हातारे स्काउट आले होते. ते एकमेकांपासून लांब लांब उभे होते.

पण मला ते आठवतात ते त्याआधीच्या उन्हाळ्यातले. टॅमी सुटून आली होती आणि कोडीचा संघ जॉर्जियातल्या एका गावात खेळायला येणार होता. काकांनी गाडी काढली. काकू होत्या, मी होते, डेल थेट तिकडे पोचला होता. टॅमी लहानखुरी, केस मागे घट्ट बांधलेली बाई. ती गर्दीने बिचकत होती. कुणी जोरात हसलं तरी वळून बघत होती. काकांनी तिला आपल्या शेजारी बसवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना जाळीमागे, बरोब्बर समोर बसलेलं बघितलं.

कोडी मैदानात आला. आता चांगला रुंद झाला होता. त्याने टोपी सारखी केली, समोर बघितलं आणि आईला बघितलं असावं, कारण तो क्षणभर विसरल्यासारखा उभा राहिला. मग त्याने पाय उचलला.

टॅमीने डोळे गच्च मिटून घेतले आणि काकांची बाही धरली. "सांगा," ती म्हणाली. "काय करतोय तो? सांगा मला."

काकांनी तोंड उघडलं. चेंडू जाळीसमोर झेल घेणाऱ्याच्या हातमोज्यात फाडदिशी बसला, लोक ओरडले. काका काहीच बोलले नाहीत.

"सांगा ना," ती म्हणाली.

"नाही बाई," काका म्हणाले. त्यांनी तिची बोटं बाहीवरून हलकेच सोडवली. "डोळे उघडा. स्वतः पाहा. माझ्यावर कशाला विश्वास ठेवता?"